उपद्रवी कोणास म्हणावे? : एका लहान गोळीचा आणि एका शब्दाचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकांसाठी लिहिताना बंदुकीचा विषय काढावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु शस्त्रांच्या इतिहासाला जोडूनच शब्दांचा इतिहास चालत असतो, आणि कधीकधी एखादा शब्द आधी घडतो व त्याला साजेसे शस्त्र मागाहून येते. अमेरिकी इंग्रजीतील 'व्हार्मिंट' हा शब्द आणि .२२ व्यासाची रिमफायर रायफल यांचे नाते असेच आहे. शेताची, कुरणाची किंवा खुराड्याची नासधूस करणारा, ज्याच्या मरणाचे कोणी दुःख करत नाही आणि ज्याचे मांस सहसा कोणी खात नाही, असा प्राणी म्हणजे व्हार्मिंट. आणि अशा प्राण्यावर झाडावयाची, कमी आवाजाची, जवळजवळ धक्का न देणारी, अत्यंत स्वस्त गोळी म्हणजे .२२. या दोहोंच्या इतिहासातून एक प्रश्न वारंवार पुढे येतो. अमुक जीव मारण्याजोगा आहे, हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा माग घेण्याचा प्रयत्न करीत आहोत.

१.

प्रथम शब्दाकडे वळू. 'व्हार्मिंट' हे 'व्हर्मिन' या शब्दाचेच बोलीतील रूप आहे. इंग्रजीत काही शब्दांतील 'अर' चा उच्चार 'आर' होतो (कारकून या अर्थाच्या शब्दाचा ब्रिटिश उच्चार 'क्लार्क' आहे, तसा), आणि शेवटी एक 'ट' विनाकारण येऊन चिकटला आहे. 'व्हर्मिन' फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'वर्मिस' म्हणजे किडा वा अळी हा शब्द आहे. आपल्या 'कृमी'शी त्याचा प्रास सहज जुळतो. भाषाशास्त्रज्ञ मात्र दोहोंची मुळे वेगळी मानतात. मुळे वेगळी असली तरी दोन्ही भाषांत अर्थ पसरण्याची रीत सारखीच दिसते. आपल्याकडेही 'कीड' आधी धान्याला लागते, मग लाकडाला, दाताला, आणि शेवटी समाजाला लागते. इंग्रजीत किड्याचा शब्द उंदरावर गेला, उंदरावरून कोल्ह्यावर, कावळ्यावर, ससाण्यावर आणि अखेर माणसावर.

जर्मन भाषेत याच अर्थाने 'उंगेत्सीफर' असा शब्द आहे. काफ्काच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'रूपांतर' या दीर्घकथेतील ग्रेगॉर झाम्झा सकाळी जागा होतो तो याच रूपात. त्या जर्मन शब्दाच्या जुन्या रूपाचा अर्थ 'बळी देण्यास अपात्र असा अशुद्ध प्राणी' असा सांगितला जातो. हा प्राणी नेमका कोणता, झुरळ की भुंगेरा, यावर अनुवादकांनी पुष्कळ वाद घातले आहेत. काफ्काने मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो किडा काढू नये असे प्रकाशकाला कळवले होते. आमच्या मते त्याचा रोख अचूक होता. 'व्हर्मिन' ही प्राणिशास्त्रातील जात नाहीच. ती घरातल्या माणसांनी दिलेली पायरी आहे, आणि त्या पायरीवर कोणालाही बसवता येते.

ही पायरी कायद्याने आखून देण्याचे काम इंग्लंडमध्ये ट्यूडर राजवटीत झाले. १५३२ साली आठव्या हेन्रीच्या काळात कावळे व त्यांच्या भाईबंदांच्या नाशाचा कायदा झाला आणि गावोगावी कावळे धरण्याची जाळी ठेवणे सक्तीचे झाले. १५६६ साली पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत धान्यरक्षणाच्या नावाने त्याहून विस्तृत कायदा आला. मारलेल्या प्राण्याचे मुंडके आणून दाखवावे आणि चर्चच्या कारभाऱ्यांनी ठरल्या दराने पैसे मोजावेत, अशी ती व्यवस्था होती. कोल्ह्याला बारा पेन्स, साळिंदराच्या लहान भावंडासारख्या दिसणाऱ्या जाहकाला (ज्याला काट्याचा उंदीर म्हणतात त्याला) दोन पेन्स. जाहक रात्री निजलेल्या गाईंचे दूध पितो, या लोकसमजुतीचीही त्याला भोवली. यादीत खंड्या पक्षीसुद्धा होता. रॉजर लव्हग्रोव्ह यांनी चर्चच्या जुन्या हिशेबवह्या चाळून 'सायलेंट फील्ड्स' (२००७) या ग्रंथात या संहाराचा तपशील मांडला आहे. हा कायदा १८६३ साली रद्द झाला. म्हणजे तो जवळजवळ तीनशे वर्षे कायद्याच्या पुस्तकात होता. या अवधीत इंग्रज माणूस अमेरिकेत गेला, ऑस्ट्रेलियात गेला आणि हिंदुस्थानातही आला. शब्द आणि यादी करण्याची सवय त्याच्यासोबत गेली.

२.

आता शस्त्राकडे. पॅरिसमधील बंदूककार लुई-निकोला फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास एक छोटी युक्ती केली. त्या काळी बंदुकीची दारू पेटवण्यासाठी तांब्याची लहानशी टोपी वापरत. तिच्यावर ठोका बसला की ठिणगी पडे. फ्लोबेरने त्या टोपीच्याच तोंडावर शिशाची बारीक गोळी बसवली. वेगळी दारू नाही, फक्त टोपीतील स्फोटक. तिचा उपयोग शिकारीसाठी नव्हताच. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात करमणुकीची नेमबाजी करण्यासाठी ती होती. पुढे ज्या गोळीने अमेरिकेच्या शेतांत लक्षावधी जीव घेतले, तिचा जन्म असा पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी झाला.

अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ साली आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी हीच कल्पना वाढवली आणि त्यात थोडी काळी दारू घातली. ते .२२ शॉर्ट काडतूस. १८७१ साली .२२ लाँग आले आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीचे .२२ लाँग रायफल. हे शेवटचे काडतूस आजतागायत जगभर वापरले जाते. त्याची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम वजनाची, आणि व्यास ५.६ मिलिमीटरच्या आसपास.

'रिमफायर' या नावाचा अर्थ असा की, स्फोटक मसाला काडतुसाच्या बुडाला मध्यभागी नसून त्याच्या पोकळ कडेत भरलेला असतो. बंदुकीची पिन ही कड चेपते आणि मसाला पेटतो. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. पितळ पातळ म्हणून आत दाब फार निर्माण होऊ देता येत नाही. दाब कमी म्हणून गोळी लहान व मर्यादित वेगाची राहते. अमेरिकी यादवी युद्धात मोठ्या व्यासाच्या रिमफायर बंदुकाही वापरल्या गेल्या, पण मध्यभागी पेटणारी जोरकस काडतुसे आल्यावर त्या मागे पडल्या. लहान तेवढ्या टिकल्या. एकदा उडालेले रिमफायर काडतूस पुन्हा भरता येत नाही. ते फेकून द्यावयाचे असते. त्याचा खर्चच इतका कमी की पुन्हा भरण्याची कोणाला गरज भासली नाही.

हा स्वस्तपणाच त्याच्या इतिहासाचा कणा आहे. महाग गोळी झाडण्यापूर्वी माणूस विचार करतो. पन्नास गोळ्यांची पुडी थोडक्या पैशांत मिळू लागली, तेव्हा हा विचार करण्याचे कारण उरले नाही. हरणासाठी एक गोळी राखून ठेवणारा शिकारी आणि कुंपणावर बसून दुपारभर बिळांवर नेम धरणारा मुलगा, या दोघांत हे अंतर आहे.

३.

मुलगा हा शब्द येथे सहज आलेला नाही. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून बनलेली विंचेस्टरची १८९० सालची .२२ रायफल आठ लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. जत्रेतील नेमबाजीच्या तंबूपासून शेतघराच्या दाराआडच्या कोपऱ्यापर्यंत ती सर्वत्र दिसू लागली. ॲनी ओकली आपल्या खेळांत .२२ चा उपयोग करीत असे. १९०७ साली ॲडॉल्फ टॉपरवाइन याने टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे हवेत फेकलेल्या ७२,५०० लाकडी ठोकळ्यांपैकी केवळ ९ चुकवले, त्याच्या हाती.२२ रायफलच होत्या. कंपन्यांनी मुलांसाठी खास हलक्या रायफली काढल्या, आणि १९१७ साली विंचेस्टरने 'ज्युनियर रायफल कोअर' नावाची मुलामुलींची संघटनाच उभी केली. टपालाने मालाची यादी येई आणि टपालानेच बंदूक घरी येई. ही सोय १९६८ च्या कायद्याने बंद होईपर्यंत चालू होती.

शहरी घरात मुलाला सायकल मिळावी, तशी ग्रामीण अमेरिकेत बाराव्या-तेराव्या वर्षी .२२ मिळत असे. तिच्यासोबत जबाबदारीचे धडे येत: नळी माणसाकडे रोखू नये, गोळीच्या मागे काय आहे ते पाहावे, जखमी जनावर सोडून येऊ नये. हे धडे खरे होते आणि पिढ्यानपिढ्या गांभीर्याने दिले गेले, हे मान्य करावयास हवे. परंतु त्याच धड्यांच्या ओघात आणखी एक शिकवण नकळत दिली जाई: हे प्राणी मारण्याचे, हे न मारण्याचे. हरणाला हंगाम होता आणि परवाना होता. ग्राउंडहॉगला, कावळ्याला, प्रेअरी डॉगला पुष्कळ ठिकाणी हंगामही नव्हता आणि मोजमापही नव्हते. जगातील जीवांची ही वाटणी मुलाने स्वतः केलेली नसे. ती त्याच्या हाती बंदुकीबरोबर येई.

पुढे हाच उद्योग छंद झाला. १९३० साली आलेले .२२ हॉर्नेट, १९३५ चे .२२० स्विफ्ट ही काडतुसे रिमफायर नव्हेत, पण लांबवरून लहान प्राणी टिपण्याच्या आवडीवर ती पोसली गेली. रिमफायरच्या कुळातही १९५९ साली विंचेस्टरचे .२२ मॅग्नम आले आणि २००२ साली हॉर्नडी कंपनीचे .१७ एचएमआर. या शेवटच्याची गोळी जेमतेम १७ ग्रेनची, पण वेग सेकंदाला अडीच हजार फुटांहून अधिक. आरंभी 'शेत वाचवायचे' हे कारण होते आणि बंदूक हे साधन होते. आता बंदूक व तिचा अचूकपणा हे प्रयोजन झाले आणि प्राणी हे निमित्त. 'व्हार्मिंट रायफल' असे नाव दुकानात छापले गेले, तेव्हा शब्दाने आपले वर्तुळ पूर्ण केले. ज्याच्यावर झाडायचे त्याचेच नाव बंदुकीला मिळाले.

४.

एखादा प्राणी 'उपद्रवी' कसा ठरतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रेअरी डॉगचे आहे. नावात कुत्रा असला तरी हा खारीच्या कुळातील, जमिनीत बिळे करून वसाहतीने राहणारा प्राणी. लुईस व क्लार्क यांच्या तुकडीला तो १८०४ साली दिसला आणि त्यांनी एक जिवंत नमुना राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्याकडे पाठवला. त्या वेळी तो कुतूहलाचा विषय होता.

शतकभराने चित्र पालटले. गवताळ प्रदेश गुरांच्या मालकांच्या हाती गेला होता. अमेरिकी सरकारच्या जीवशास्त्रीय सर्वेक्षणाचे प्रमुख सी. हार्ट मरियम यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीखात्याच्या वार्षिकात एक हिशेब मांडला: ३२ प्रेअरी डॉग एका मेंढीइतके आणि २५६ प्रेअरी डॉग एका गाईइतके गवत खातात. हा आकडा इतका सुटसुटीत होता की तो सर्वांच्या तोंडी बसला. वास्तविक दोन प्राणी समान वजनाचे गवत खातात म्हणून ते एकमेकांच्या तोंडचा घास काढतात असे होत नाही. कोणते गवत, कोणत्या काळात, किती उंचीवर खुडले जाते यावर सारे अवलंबून असते. पुढील संशोधनात ही स्पर्धा मरियम यांच्या अंदाजाहून पुष्कळच कमी भरली, आणि वसाहतींभोवतीचे कोवळे गवत चरण्यासाठी गवे मुद्दाम तेथे येतात असेही दिसून आले. पण तोवर आकड्याने आपले काम केले होते. १९३१ साली काँग्रेसने उपद्रवी प्राण्यांच्या निर्मूलनाचा कायदा केला आणि सरकारी खर्चाने विषाचे दाणे पेरले गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. प्रेअरी डॉगच्या ऱ्हासाचे मुख्य कारण .२२ रायफल नव्हे. विष, नांगर आणि बाहेरून आलेला प्लेग ही ती कारणे. बंदुकीने प्रामुख्याने त्या संहाराला मान्यता दिली. ज्या गोष्टीवर दुपारची करमणूक म्हणून नेम धरता येतो, ती नष्ट होत आहे याची खंत वाटत नाही.

या संहाराचा फटका भलत्यालाच बसला. प्रेअरी डॉगवरच जगणारे, मुंगसासारख्या अंगलोटीचे काळ्या पायांचे फेरेट नाहीसे होऊ लागले. १९७९ साली बंदिवासातील शेवटचे फेरेट मेल्यावर ही जात संपली असे मानले गेले. १९८१ साली वायोमिंगमधील मिटीट्सी गावाजवळ एका पाळीव कुत्र्याने एक मेलेले फेरेट घरी आणले, आणि काही थोडी अजून जिवंत आहेत हे जगाला कळले. १९८७ पर्यंत शेवटची अठरा पकडून त्यांच्यापासून पुन्हा पैदास करावी लागली. एका सरकारने विषासाठी पैसे मोजले आणि त्याच सरकारला पुढे त्या विषाच्या परिणामातून एक जात वाचवण्यासाठी पैसे मोजावे लागले.

गोळीचा उपद्रव मागाहून लक्षात आला. शिशाची मऊ गोळी लहान देहात फुटते आणि तिचे कण तेथेच राहतात. गरुड, गिधाडे असे मृतभक्षक पक्षी ते मांस खातात. कॅलिफोर्नियाच्या काँडोर या महाकाय गिधाडाच्या विषबाधेमागे शिकारीतील शिसे हे मोठे कारण आहे, हे सिद्ध झाल्यावर त्या राज्याने २०१३ साली कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली.

५.

ऑस्ट्रेलियाची कथा याहून उपरोधिक आहे. व्हिक्टोरिया प्रांतातील बार्वन पार्क येथे थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने १८५९ साली इंग्लंडहून चोवीस ससे आणवले. हेतू हा की, शिकारीची मजा मिळावी. म्हणजे ससा तेथे आला तोच बंदुकीसाठी. उपद्रवी ठरला तो नंतर. पन्नास वर्षांत सशांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात तीन कुंपणे घातली. त्यांतील पहिलेच सुमारे १,८३० किलोमीटर लांब होते. शेताशेतांतून .२२ रायफली कडाडल्या, मंदीच्या काळात गरिबांनी ससे खाऊन दिवस काढले, परंतु संख्या आटोक्यात आली ती १९५० साली सोडलेल्या मिक्सोमॅटोसिस या विषाणूने, आणि तीही कायमची नव्हे.

या कुंपणाला पुढे सरकारी भाषेत 'व्हर्मिन फेन्स' असेही नाव होते. डोरिस पिल्किंग्टन गारिमारा यांच्या १९९६ सालच्या पुस्तकामुळे आणि त्यावरील २००२ च्या चित्रपटामुळे हे कुंपण जगाला ठाऊक झाले ते वेगळ्याच कारणाने. सरकारने आईपासून हिरावून नेलेल्या तीन आदिवासी मुली १९३१ साली वसतिगृहातून पळाल्या आणि याच कुंपणाच्या आधाराने घराकडे चालत निघाल्या. सशांना अडवण्यासाठी उभारलेले तारेचे जाळे त्या मुलींना घरचा रस्ता दाखवणारे ठरले. कोणते जीव कोठे राहावेत याच्या याद्या करणारी शासनयंत्रणा प्राणी व माणसे यांच्या बाबतीत एकच रीत कशी वापरते, हे यातून न सांगता कळते.

१९९६ सालच्या पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर, ज्यात पस्तीस माणसे मारली गेली, ऑस्ट्रेलियाने बंदुकीचे कायदे कडक केले. सुमारे साडेसहा लाख शस्त्रे परत घेतली गेली. स्वयंचलित भरणीच्या .२२ रायफलींवरही निर्बंध आले. खरी गरज दाखवणाऱ्या शेतकऱ्यासाठी मात्र वाट ठेवली गेली. म्हणजे 'उपद्रवी प्राणी' ही संज्ञा पुन्हा कायद्यात शिरली, या वेळी बंदूक बाळगण्याचे कारण म्हणून.

'लहान' गोळी निरुपद्रवी असते हा समजही येथेच निकालात काढावा. १९६८ साली लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट केनेडी यांचा बळी गेला तो .२२ रिव्हॉल्व्हरने, आणि १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर झालेला हल्लाही .२२ नेच झाला. ही गोळी मैलभर जाऊ शकते, अशी सूचना पुड्यांवर छापलेली असे. शब्द जसा किड्यावरून माणसापर्यंत येतो, तशी गोळीही येते.

६.

अमेरिकी साहित्याने या वाटणीकडे कसे पाहिले? दोन परिचित कादंबऱ्यांचा विचार करू. मार्जोरी किनन रॉलिंग्स यांच्या 'द इयरलिंग' (१९३८) मध्ये फ्लोरिडातील एका गरीब कुटुंबातील जोडी नावाचा मुलगा हरणाचे पाडस पाळतो. पाडस वाढते आणि घराचे वर्षभराचे अन्न असलेले मक्याचे कोवळे पीक खाऊ लागते. जोडी कुंपण घालतो, पुन्हा पेरतो. काही उपयोग होत नाही. अखेर त्याला स्वतःच्या हाताने त्याचा शेवट करावा लागतो. पाडसाच्या जातीत काही फरक पडलेला नसतो; फरक पडतो तो मक्याच्या वाफ्याशी असलेल्या त्याच्या नात्यात. लाडका आणि उपद्रवी यांच्यात एका पिकाचे अंतर आहे, आणि उपाशी घराची बाजूही खोटी नाही, हे दोन्ही रॉलिंग्स एकाच वेळी सांगतात. म्हणून ती कादंबरी केवळ बालवाङ्मय राहत नाही.

हार्पर ली यांच्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) मध्ये मुलांना छऱ्याच्या बंदुका मिळतात. पक्षी मारायचेच तर निळा जे हवे तितके मारा, मॉकिंगबर्ड मारणे मात्र पाप, असा त्यांच्या वडिलांच्या सांगण्याचा आशय आहे. कारण मॉकिंगबर्ड कोणाचे काही बिघडवत नाही, फक्त गातो. वर्गात हे स्थळ शिकवताना निष्पापतेचे प्रतीक म्हणून मॉकिंगबर्डवर पुष्कळ बोलले जाते. निळ्या जे पक्ष्याचे काय, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. तो कावळ्याच्याच कुळातील आहे. म्हणजे करुणेचा एवढा मोठा ग्रंथही एलिझाबेथच्या यादीतून पूर्णपणे सुटलेला नाही. जो उपयोगाचा, जो गोड गातो, तो वाचवावा, हा हिशेब तेथेही आहेच. हे कादंबरीचे उणेपण म्हणून आम्ही सांगत नाही. दयाळू माणसाच्या मनातही ही वाटणी किती खोल रुजलेली असते, याचा तो प्रामाणिक पुरावा आहे.

७.

आपल्याकडे .२२ रायफलची ओळख निराळ्या मार्गाने झाली. महाविद्यालयातून एन.सी.सी. केलेल्या अनेकांनी छावणीत पालथे पडून हीच रायफल झाडलेली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले आणि कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते याच .२२ रिमफायर गोळीने. त्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. मराठी माणसाच्या मनात ही गोळी कागदावरच उमटते, ही आमच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट आहे.

शब्द मात्र आपल्यापर्यंत आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवे परिशिष्ट 'व्हर्मिन'चे होते. त्यात उंदीर होते, फळे खाणारी वटवाघळे होती आणि कावळा होता. दहाव्या दिवशी ज्याची वाट पाहत आपण नदीकाठी तिष्ठत उभे राहतो, ज्याने पिंडाला शिवल्यावाचून गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली असे मानत नाही, तो कावळा कायद्याच्या भाषेत 'व्हर्मिन' होता. आठव्या हेन्रीच्या १५३२ च्या कायद्यातील पक्षी आणि आपल्या घाटावरचा पक्षी, दोन्ही एकाच शब्दात कोंबले गेले. हे परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने गेले. एखाद्या प्राण्याला ठरावीक प्रदेशात ठरावीक काळासाठी 'व्हर्मिन' जाहीर करण्याचा केंद्र सरकारचा अधिकार मात्र कायम आहे. त्याच अधिकाराने २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांना तसे जाहीर केले गेले. २०१६ च्या जूनमध्ये बिहारमधील मोकामा येथे दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा खुद्द केंद्रीय मंत्रिमंडळातील दोन मंत्र्यांत त्यावरून जाहीर मतभेद झाले.

येथे शेतकऱ्याची बाजू हलकी लेखणे अन्यायाचे होईल. एका रात्रीत रानडुकरांनी भुईमुगाचा वावर उकरून टाकला, तर ते नुकसान शब्दांच्या व्युत्पत्तीने भरून येत नाही. वानरांच्या टोळीवर व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर' लिहिली. ती वाचणारा रसिक आणि त्याच वानरांना फळबागेतून हाकलणारा बागाईतदार, दोघेही आपलेच आहेत. जोडीच्या घरचा मका जितका खरा, तितकाच हा भुईमूगही खरा. आमचे म्हणणे एवढेच की, 'या प्राण्याने या शेताचे एवढे नुकसान केले' हे विधान एक आणि 'हा प्राणी उपद्रवी आहे' हे विधान दुसरे. पहिले तपासता येते, त्यावर कुंपण, भरपाई, प्रसंगी बंदूक असे उपाय शोधता येतात, आणि ते नुकसान थांबले की उपायही थांबवता येतो. दुसरे विधान एकदा केले की त्याला शेवट नसतो. ते त्या जातीच्या प्रत्येक जीवाला, त्याने काही केलेले असो वा नसो, कायमचे चिकटते. मरियम यांच्या एका गाईच्या हिशेबाने पहिल्याचे दुसरे केले आणि शंभर वर्षांनंतरही त्याची किंमत चुकती होत आहे.

साहित्याच्या अभ्यासकाचा या प्रकरणाशी संबंध येतो तो नेमका येथे. बंदुकीचा परवाना कोणाला द्यावा हे त्याने ठरवायचे नसते. परंतु विशेषणाचे नाम केव्हा होते, आणि ते झाल्यावर कोणाकोणाचा हिशेब न करता निकाल लागतो, हे ओळखणे हे त्याच्या अभ्यासाचेच काम आहे. वर्गात 'मॉकिंगबर्ड' शिकवताना निळ्या जे पक्ष्याबद्दल एक प्रश्न जरूर विचारावा. विद्यार्थी काय उत्तर देतात ते ऐकण्यासारखे असेल.